वऱ्हाडांतील जलविहार

वऱ्हाड म्हटलें कीं काळी माती, कपाशीचीं शेतें आणि वैशाखांतील रणरणतें ऊन डोळ्यांपुढें उभें राहतें. होडी कांहीं आठवत नाहीं. कोंकणांतील मुलाच्या अंगवळणीं होडीचा डोल लहानपणींच पडतो. आमच्या मोर्णेंत मात्र वर्षांतील बरेच महिने पाण्यापेक्षां वाळूच अधिक. तरीपण पाण्याची हौस वऱ्हाडी माणसास कमी आहे असें मुळींच नाहीं. जें दुर्मिळ तें अधिक प्रिय, हा तर मनुष्यस्वभावच आहे.

ही हौस पुरविणारीं स्थळेंही बरींच आहेत. अमरावतीच्या कडेलाच वडाळी व छत्री हे जुने तलाव आहेत. परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्यास गेलें, कीं सुमारें ११०० मीटर उंचीवरील थंड हवेंत शक्कर तलाव नौकाविहारासाठीं प्रसिद्ध आहे. अकोल्याच्या बाजूस महान येथें काटेपूर्णेचा जलाशय आहे. मोर्शीजवळ सिंभोरा येथें वर्धा नदी अडविल्यामुळें झालेला जलाशय तर दृष्टि पोंचेल तेथपर्यंत पसरलेला दिसतो.

याच वर्धेच्या कांठीं, सिंभोऱ्याच्या वरच्या अंगाला, वरूड तालुक्यांत झुंज नांवाचें रम्य स्थान आहे. खडकांवरून कोसळणारा प्रवाह पाहावयास लोक तेथें मुद्दाम जातात. पण आतां तें नांव उच्चारतांना मन कातर होतें. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं, दशक्रियेच्या निमित्तानें एकत्र जमलेले नातलग होडींत बसून तेथें निघाले. होडी उलटली आणि अकरा जीव नदीनें गिळले.

अशा वेळीं आपण दैवाला बोल लावून मोकळे होतों. परंतु दैवाच्या आधीं मनुष्याच्या हातांत पुष्कळ असतें. या दुर्घटनेच्या आदल्याच महिन्यांत १९१७ चा जुना कायदा रद्द करणारा नवा अंतर्देशीय जलयान कायदा संसदेनें संमत केला होता. तो ७ जून २०२२ पासून अमलांत आला. यंत्रावर चालणाऱ्या नौकेची नोंदणी, तिच्या तपासणीचें प्रमाणपत्र, चालविणाऱ्याच्या कौशल्याचें प्रमाणपत्र व विमा या गोष्टी त्यानें आवश्यक ठरविल्या आहेत. वल्ह्यांच्या होड्यांच्या नोंदीचें काम स्थानिक संस्थांकडे सोंपविण्याचीही तरतूद त्यांत आहे. महाराष्ट्रांत नौकांच्या नोंदणीचें व तपासणीचें काम सागरी मंडळ पाहतें. समुद्राचें दर्शनही न झालेल्या वऱ्हाडी नौकेचा संबंध सागरी मंडळाशीं यावा, हें ऐकून हंसूं येईल. पण बुडणाऱ्यास पाणी खारें कीं गोडें याचा भेद काय?

हे कागद म्हणजे केवळ कचेरीचा खटाटोप नव्हे. नौका कशी बांधली आहे आणि तिच्यांत किती माणसें बसावींत हें तपासणींत ठरतें. ७ मे २०२३ रोजीं केरळांतील तानूर येथें सहलीची नौका उलटून २२ माणसें मरण पावलीं. ती मूळची मासेमारीची नौका असून तिचें रूप पालटलें होतें, हें मागाहून उघड झालें. तलावाचें पाणी शांत दिसतें म्हणून निर्धास्त राहावें, असेंही नाहीं. बडोद्याच्या हरणी तलावांत १८ जानेवारी २०२४ रोजीं सहलीस आलेलीं बारा शाळकरी मुलें व दोन शिक्षिका बुडाल्या.

म्हणून कर्त्या मंडळींनीं नौकेंत पाऊल टाकण्यापूर्वीं तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. नौकेची नोंदणी व तपासणी झाली आहे काय, आणि तिच्यांत किती जणांना बसण्याची परवानगी आहे? चालविणाऱ्याजवळ प्रमाणपत्र आहे काय? प्रत्येकास, कडेवरच्या मुलासही, अंगाला नीट बसेल असें जीवरक्षक जाकीट मिळेल काय? उत्तर समाधानकारक नसेल, तर कांठावर बसून शिदोरी सोडावी. तेवढ्यानें सहल फुकट जात नाहीं.

एकत्र कुटुंबास आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याला सारें एकत्र करण्याची आवड. एका पंगतीला जेवावें, एका गाडींत बसावें, आणि काठावर आलें कीं "सगळे एकदमच बसूं या!" पंगतींत दाटीवाटीनें बसण्यांत गोडी आहे, होडींत ती नाहीं. माणसें एका अंगाला सरकलीं किंवा उभीं राहिलीं, कीं तिचा तोल ढळतो. दोन खेपा कराव्या लागल्या तर पैसे थोडे अधिक पडतील आणि घरीं परतण्यास अर्धा तास उशीर होईल. पण घरचीं सारीं माणसें घरीं परततील.