उलटी तार

मैत्रिणींनो, मथळा वाचून पान उलटू नका हं! गाडी, स्पीकर, तारा हा काही आपला प्रांत नव्हे, असे मलाही वाटत होते. मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, उरलेला वेळ घराचा. विजेशी माझा संबंध मिक्सर आणि इस्त्रीपुरता. पण सासूबाईंच्या एका वाक्याने मला गाडीच्या दाराच्या आत डोकावायला लावले.

आम्ही राहतो कुहीला, नागपूर जिल्ह्यात. छोट्या रुळांची नागपूरची गाडी २०१९ साली बंद झाली. पुढे सासूबाईंच्या डोळ्यांसाठी नागपूरच्या खेपा वाढल्या, तेव्हा यांनी एक जुनी मोटार घेतली. पुढच्या दोन दारांत दोन स्पीकर, बस्स, एवढाच थाट!

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, भजनी मंडळात खंजिरीवर भजने म्हणत. तुकडोजी महाराजांमुळे (१९०९-१९६८) खंजिरी भजन आमच्या विदर्भात खेडोपाडी पोचलेले. मामाजींचा आवाज खर्जातला, भरदार. ते गेले, मागे उरली एक जुनी कॅसेट. पुतण्याने ती पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. सासूबाई गाडीत बसल्या, की पदर सावरत म्हणायच्या, "लाव ना वो ते." आणि नागपूर येईपर्यंत डोळे मिटून ऐकायच्या.

मग एका उन्हाळ्यात स्पीकरचा कागदी पडदा फाटला. भजनात भुंगा शिरल्यासारखी घरघर सुरू झाली. यांनी नागपुरातल्या एका दुकानातून नवे स्पीकर बसवून आणले. खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० वॅट, कोपऱ्यात बारीक अक्षरांत ४०. खरा आकडा बारीक अक्षरांतलाच बरे का! साडीच्या सेलची पाटी आठवते ना?

आम्हांला आवाज छानच वाटला. स्वच्छ, खणखणीत. सासूबाई मात्र दोन मिनिटे ऐकून म्हणाल्या, "हा त्यायचा आवाज नोहे वो. ते पोटातून म्हनत. हा कोनी नाकातून म्हनते."

आम्ही हसलो. वय झाले, कान थकले, असे हे म्हणाले. मीही मान डोलावली. पण त्यानंतर त्यांनी "लाव ना" म्हणणेच सोडले. दोन खेपा झाल्या, तीन झाल्या. खिडकीतून बाहेर बघत गप्प बसायच्या. माणूस गेले तेव्हा रडल्या होत्या. आता आवाजही गेला, तर तक्रारसुद्धा केली नाही. हे माझ्या मनाला फार लागले.

शाळेत मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाईंजवळ सहज विषय काढला. त्यांनी लगेच विचारले, "आवाज फक्त डाव्या बाजूने लावून पाहिला? मग फक्त उजव्या?"

संध्याकाळी अंगणातल्या गाडीत एकटीच बसले. स्टीरिओत आवाज डावीउजवीकडे सरकवायची सोय असते. सगळा डावीकडे नेला, तर मामाजी! उजवीकडे नेला, तरी मामाजी! मध्ये आणला, दोन्ही स्पीकर एकदम वाजू लागले, आणि खर्ज नाहीसा. माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी उलगडा केला. स्पीकरला दोन तारा, एक अधिक, एक उणे. एका बाजूला त्या उलट जोडल्या, की एक पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो. जात्यावर दोघी दळायला बसल्या आणि एकीने खुंटा उलटा ओढला तर जाते फिरेल का? तसेच. त्यात खालचे, भारी सूर आधी मारले जातात. उरतो तो पोकळ, नाकातला आवाज. सासूबाईंचे कान शाबूत होते. थकलो होतो ते आम्हीच!

रविवारी गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या भाऊंना बोलावले. त्यांनी आधी बॅटरीची उणे बाजू सोडवली, मग दाराचे आतले आवरण उतरवले. आत पाहतो तो काय, कारखान्यातून आलेला प्लास्टिकचा कपलर कापून टाकलेला, तारा नुसत्या पिळून वर काळी चिकटपट्टी! आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पट्टीचा गोंद वितळून ती सुटली होती, आणि उघडे तांबे दाराच्या पत्र्यापासून बोटभर दूर. पत्र्याला टेकले असते तर स्टीरिओ जळू शकला असता, असे भाऊ म्हणाले. स्टीरिओच्या मागे अधिक-उण्याच्या खुणा छापलेल्या होत्या. भाऊंनी तिथून दारापर्यंत मीटर लावून पाहिला: उजव्या दारातल्या तारा उलट. त्या बदलून त्यांनी डाख दिला आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. पाऊण तासाचे काम!

तुमच्या घरी असे काम निघाले तर चार गोष्टी पदराला बांधून ठेवा. एक, मूळ तार कापू देऊ नका. दोन्हींना जुळणारा जोड-कपलर वेगळा विकत मिळतो. गाडी वॉरंटीत असेल तर हे आधीच विचारून घ्या. दोन, जुना स्पीकर ४ ओहमचा असेल तर नवाही ४ चाच हवा. कमी ओहमचा घेतला तर स्टीरिओ तापतो. तीन, रंगावरून अंदाज नको. बाजारच्या स्टीरिओत पुढची डावी तार पांढरी, उजवी करडी, काळी रेघ असली की उणे. पण कारखान्याच्या तारांचे रंग कंपनीगणिक वेगळे. सुटा स्पीकर तपासायला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. अधिकला अधिक क्षणभर टेकवले, की पडदा बाहेर येतो. चार, दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा पुन्हा नीट चिकटवून घ्या, नाहीतर पावसाचे पाणी आत शिरते.

आणि पाचवी, माझ्यापुरती. घरातले वडीलधारे माणूस "हे तसे नाही" म्हणाले, तर त्याच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी एकदा तपासून पाहायचे.

पुढच्या खेपेला मी न विचारताच पेन ड्राइव्ह लावला. खंजिरी वाजली, आवाज उमटला. सासूबाईंनी चष्मा काढून पदरात धरला. बराच वेळ बोलल्या नाहीत. गुडघ्यावर बोटे मात्र ठेका धरीत होती. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "त्याले म्हना, गाडी जरा हळू चालव."