दोन साइज मोठा सदरा

शनिवारची सकाळ. बायको माहेरी गेलीये, चहा समोर गार होतोय, आणि बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणून टाळलेला एक विषय आज उरकून टाकतो. विषय आहे माझं पोट. हसू नका. म्हणजे हसा, पण वाचून झाल्यावर.

तर अस्मादिक लहानपणापासून खात्यापित्या घरचे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला वजन ९६ किलो, आणि नोकरीच्या चौथ्या वर्षी ११८. कारणं काही गूढ नाहीत. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडीच तास बसायचं, ऑफिसात नऊ तास बसायचं, आणि घरी आलं की दमलो म्हणून बसायचं. रात्री क्लायंटचा कॉल संपला की बिर्याणी. स्वतःचेच लाड, दुसरं काय!

मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी आला ६.१. मधुमेह ६.५ पासून धरतात, आणि ५.७ च्या वर गेलात की तुम्ही त्याच्या अंगणात. बाबांना पंधरा वर्षं मधुमेह आहे. त्यांनी माझा रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि काहीच बोलले नाहीत. आमचे बाबा काही बोलले नाहीत की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

दीक्षित की दिवेकर यावर आई आणि मावशीचं फोनवर घनघोर युद्ध झालं. मी आपला साधा मार्ग धरला. पोळ्या चारावरून दोनवर, भात फक्त दुपारी, रात्रीचं जेवण आठच्या आत, आणि रोज सकाळी वेताळ टेकडी. सुरुवातीला अर्ध्या चढावर बसकण मारायचो आणि सत्तरीतले आजोबा "चला, चला" करत पुढे निघून जायचे. दुसऱ्या वर्षी वजनं उचलायला लागलो. बावीस महिन्यांनी काटा ७९ वर आला. एकोणचाळीस किलो कमी! मित्रांनी पार्टी मागितली (विरोधाभास लक्षात घ्यावा).

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना सांगायला आवडते, मलाही. पुढची कोणी सांगत नाही.

पुढची अशी, की कपड्यांत मी एकदम बारीक, आणि कपडे काढले की वेगळाच माणूस. पोटाखाली रिकाम्या पिशवीसारखी कातडी लोंबतेय, छाती ओघळलेली, दंडाच्या मागे पडदे. दोन साइज मोठा सदरा घातल्यासारखं दिसतं, फक्त हा सदरा काढून ठेवता येत नाही. धावताना ती कातडी हापटते, म्हणून आतून घट्ट बनियन घालावा लागतो. पावसाळ्यात घडीत ओल राहून बुरशीचे चट्टे उठतात. रोज आंघोळीनंतर घड्या कोरड्या करणे हे माझं दात घासण्याइतकंच नित्याचं काम झालं. ११८ किलोचा असताना आरशासमोर मी इतका वेळ कधी उभा राहिलो नव्हतो, जेवढा ७९ चा झाल्यावर राहायला लागलो.

इंजिनिअर असल्यामुळे आधी रूट कॉज शोधला. त्वचेच्या मधल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन असे दोन प्रकारचे धागे असतात. कोलॅजन मजबुती देतं, आणि इलॅस्टिन ताणल्यावर परत जागेवर आणतं. यातलं इलॅस्टिन शरीर मुख्यतः वाढीच्या वयात बनवतं, नंतर फारसं नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं ताणून बसलेली त्वचा पूर्ववत होईलच असं नाही. किती लटकणार हे तुमचं वय, किती वर्षं जाड होतात, किती किलो उतरवलेत, सिगारेट ओढता का आणि अनुवंश यांवर ठरतं. वरून क्रीम चोळून तुटलेले धागे जोडले जात नाहीत. हे कळायच्या आधी माझे साडेतीन हजार रुपये आणि आईची तिळाच्या तेलाची दीड बाटली खर्ची पडली होती. असो.

दुसरी गंमत चरबीच्या पेशींची. २००८ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका संशोधनात दिसलं, की मोठेपणी या पेशींची संख्या साधारण कायम राहते. वर्षाला दहाएक टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. वजन उतरलं तरी पेशी रिकाम्या होतात, कमी होत नाहीत. सी मध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. तुम्ही मेमरी फ्री केलीत तरी प्रोसेस ती बऱ्याचदा ऑपरेटिंग सिस्टीमला परत देत नाही, पुढेमागे लागेल म्हणून धरून ठेवते. माझं शरीर माझ्यासारखंच निघालं, बिर्याणीची आशा न सोडणारं.

शेवटी एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. भला माणूस. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वजन किती महिने स्थिर आहे?" मी म्हटलं, तीन. "मग आत्ता नाही. सहा महिने ते वर्षभर स्थिर राहू दे, मग बोलू." ऑपरेशन काय असतं तेही नीट सांगितलं. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद, जादा कातडी काढायची, बेंबी नव्या जागी बसवायची, काही दिवस नळ्या, काही आठवडे जड उचलायचं नाही. आणि व्रण कायमचा. खर्च खिशातून, कारण माझ्या विम्याच्या लेखी हे सगळं सौंदर्यात मोडतं.

पण मला घाई होती. कारण लग्न ठरलं होतं, आणि आमच्याकडे सातारा जिल्ह्यात नवरदेवाला हळद उघड्या अंगाने लागते. अंगणात पाट, कमरेला पंचा, आणि सगळी भावकी गोल करून. वर हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल. मुंजीत आठ वर्षांचा असताना भटजींसमोर सदरा काढायला मी रडलो होतो, आता तर एकोणतीस पूर्ण व्हायला आले होते.

आई म्हणाली, "बनियन ठेव की अंगात. कोण काय म्हणतंय?" कोणीच काही म्हणणार नव्हतं, खरंय. पण हळदीच्या आधी एका माणसाला सांगणं भाग होतं. ठरवून केलेलं लग्न, मुलीनं मला कायम इस्त्रीच्या शर्टात पाहिलेलं. तिला फसवतोय असं वाटायला लागलं होतं. एका रविवारी टेकडीवर गेलो होतो तेव्हा म्हटलं, "तुला एक सांगायचंय." तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं आधीचं काहीतरी प्रकरण आहे. मी सगळं सांगितलं, एखाद्या बगचा रिपोर्ट वाचावा तसं, तिच्याकडे न बघता. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "दुखतं का रे ते?"

बावीस महिन्यांत मला लोकांनी काय काय विचारलं होतं. किती उतरवलंस, काय खातोस, परत वाढणार नाही ना. दुखतं का, हे कोणीच विचारलं नव्हतं. मला पटकन उत्तरच देता येईना. मग म्हटलं, "दुखत नाही. पावसाळ्यात खाजतं." "मग पावडर आणू," ती म्हणाली, आणि भेळ कुठे खायची यावर विषय गेला.

हळदीच्या दिवशी ऐनवेळी मी बनियन काढला. फार विचार करून नाही, गरम होत होतं आणि आता नाही काढला तर कधीच काढणार नाही असं वाटलं. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. एक चुलतभाऊ ओरडलाच, "दादा, माल संपला पण पोतं राहिलं की!" लोक हसले. लागलं मला. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आजी आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, आंब्याच्या पानावर हळद घेऊन, हात थरथरतोय. लहानपणी माझा एक खेळ होता. तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून उचलायची आणि सोडल्यावर ती हळूहळू खाली कशी बसते ते बघत राहायचं. ती एवढा वेळ करू द्यायची, आणि मला ते जगातलं सगळ्यात मऊ काहीतरी वाटायचं. तिने माझ्या खांद्याला, छातीला हळद लावली. पोटापाशी आली, वाकून बघितलं, आणि म्हणाली, "लई जागा हाय बाबा. हळद पुरायची न्हाई."

अख्खं अंगण हसलं. या वेळी मीही.

याला आता आठ महिने झाले. मी सुधारलोय असं नाही. हळदीचे दोन फोटो गुपचूप डिलीट केले, बायकोला अजून माहीत नाही (आता कळेल). पोहायला गेलो की अजून टी-शर्ट घालूनच उतरतो. वजन ८१ वर स्थिर आहे, साखर ५.४. सर्जनने दिलेली मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. ऑपरेशन करीन किंवा नाही करणार, पण कोणत्या तरी तारखेच्या भीतीने नाही करणार, एवढं ठरलंय.

आणि वजन उतरवायला निघालेल्या कोणी हे वाचून "मग राहू दे" म्हणू नका. बाबांनी माझा नवा रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि या खेपेला बोलले. "टेकडी सोडू नकोस," म्हणाले.

साडेआठ वाजले. ऊन वाढायच्या आत जाऊन येतो. बनियन घट्टच.