वेळापत्रक आणि खोडरबर

आई कोल्हापुरातल्या एका शाळेत पर्यवेक्षिका. जून आला की आमच्या डायनिंग टेबलावर ड्रॉइंग पेपर, पेन्सिल आणि खोडरबर. आम्ही जमिनीवर जेवतो. यंदा म्हटलं, सरक, प्रोग्रॅम लिहितो! 14 तुकड्या, 22 शिक्षक, आठवड्याला 45 तासिका. चार सेकंदांत उत्तर. अस्मादिक खूश.

आईनं प्रिंटआउट पाहिला. "सोमवारी पहिला तास गणिताच्या बाईंना? सासूबाईंना डायलिसिसला नेतात त्या. बाराशिवाय येत नाहीत."

"मग आधी सांगायचंस की!"

"असलं कुठं लिहिलेलं असतंय होय?"

गंमत म्हणजे इव्हन, इताई आणि शमीर यांनी 1976 मध्ये हेच सिद्ध केलंय. सगळे शिक्षक सगळ्या वेळी मोकळे असतील तर प्रश्न सोपा, झटपट सुटतो. कोण कधी येऊ शकत नाही हे त्यात आलं, की तो एनपी-कम्प्लीट! म्हणजे सगळा घोळ माणसांच्या अडचणींचा.

आई अडचणी सांगत गेली, मी टाकत गेलो. सतराव्या अटीला स्क्रीनवर आलं: उत्तर नाही.

आईनं चष्मा लावला, फोन उचलला. "सर, सोमवारचा तुमचा भूगोल पहिल्या तासाला घ्याल का? बाईंचं जरा..." पलीकडून काहीतरी हसल्यासारखं ऐकू आलं. तिनं खोडरबर मागितला.