घोटभर पाणी

मुलांनो, गळ्यावर बोट ठेवा आणि एक घोट पाणी प्या. कंठमणी वर जाऊन लगेच खाली येतो. तेवढ्यात श्वासनलिकेवर झाकण पडते, अन्ननलिकेचे तोंड उघडते आणि पाणी आपल्या वाटेने जाते. आपल्याला याची खबरही नसते. मलाही नव्हती.

आम्ही जुन्या नाशकात, चौक मंडईजवळ राहतो. एका पहाटे अब्बांना लकव्याचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्यांनी खुणेने पाणी मागितले. "तोंडाने काहीही देऊ नका," असे परिचारिकेने बजावले होते. पण त्यांचे सुकलेले ओठ मला पाहवेनात. मी चमचाभर पाणी पाजले. असा ठसका लागला की अब्बांचा चेहरा काळानिळा पडला! पाणी श्वासनलिकेत शिरले होते. अशाने न्यूमोनिया होऊ शकतो, हे मला तेव्हा कळले. मी बी.एड. झालेला शिक्षक, मान खाली घालून उभा राहिलो.

मग नाकातून नळी घालून अन्न देऊ लागले. काही दिवसांनी गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. (असे तज्ज्ञ तयार करणारी एक मोठी संस्था मुंबईत वांद्र्याला आहे. १९८३ साली निघालेल्या त्या संस्थेला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव दिले आहे.) बाईंनी अब्बांना नीट तपासले आणि व्यायाम सांगितला. उताणे झोपायचे, खांदे न उचलता फक्त डोके उचलून पायाची बोटे पाहायची, साठ आकडे होईपर्यंत. असे तीनदा. मग तीस वेळा डोके वर-खाली. दिवसातून तीन वेळा, सहा आठवडे. अमेरिकेतील डॉ. रेझा शेकर यांचा हा व्यायाम. कंठाला वर ओढणारे हनुवटीखालचे स्नायू त्याने बळकट होतात. मात्र मानेचे दुखणे असेल तर तो करू नये.

पहिल्या दिवशी अब्बा दहा आकडेही टिकले नाहीत. चिडले. मग माझी मुलगी मोजायला बसू लागली. शाळेत शिकलेली मराठी ती तिथे वापरी. एकदा दादाजानची दया येऊन ती एकोणपन्नासवरून एकदम साठवर गेली. अब्बांनी डोके टेकले आणि बोबड्या आवाजात म्हणाले, "मधले दहा खाल्लेस!" आणि पुन्हा डोके उचलले.

पुढे तपासणी होऊन नळी निघाली. पण पातळ पाणी लगेच मिळाले नाही. पहिला चहासुद्धा भुकटी घालून घट्ट केलेला, तोही चमच्याने. आम्ही सगळे अब्बांच्या गळ्याकडे पाहत होतो. कंठमणी वर गेला, खाली आला. ठसका नाही.

अब्बा म्हणाले, "हा चहा आहे की खीर?"