सोलापूर, सप्टेंबर आणि छतावरचा एसी

कॅराव्हॅन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हॉलिवूडचा एखादा सिनेमा, लांबलचक रस्ता आणि गाडीतच कॉफी उकळणारी हिरॉइन! पण मंडळी, हे प्रकरण आता आपल्याकडेही रुजतंय. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आणि पुण्या-मुंबईत अशा गाड्या ड्रायव्हरसकट भाड्याने मिळायला लागल्या. आत बेड, छोटा ओटा, टॉयलेट आणि छतावर एसी. जाहिरातीत सगळं कसं चकाचक असतं. फक्त त्या एसीतून बेडवर पाणी टपकायला लागलं तर काय करायचं, हे त्यात लिहिलेलं नसतं. ते सोलापुरात कळतं!

गेल्या सप्टेंबरमध्ये आमचा बेत ठरला: पुणे ते सोलापूर, तिथे मुक्काम, मग अक्कलकोट आणि तुळजापूर. मी, माझी मैत्रीण आणि तिची आई. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते. चार-पाच तास बसून प्रवास करणं त्यांना शक्य नव्हतं, पण स्वामींचं दर्शन तर घ्यायचंच होतं. झोपून जाता येईल अशी गाडी हवी, म्हणून कॅराव्हॅन. म्हणजे आमच्या दृष्टीने तो बेड ही चैन नव्हती, सगळी ट्रिपच त्या बेडवर अवलंबून होती.

पुणे-सोलापूर हायवे तसा सरळसोट. भिगवणला उजनीचं पसरलेलं पाणी दिसतं, इंदापूरला चहा होतो, टेंभुर्णी मागे पडलं की ऊस आणि मोकळं आभाळ. इंदापूरला पावसाची एक जोरदार सर आली आणि गेली. टेंभुर्णीनंतर ड्रायव्हरदादांनी एका ट्रकमागे ब्रेक मारला आणि काकू दचकून उठल्या. उशी ओली! पुढच्या ब्रेकला पुन्हा एक धार. आम्ही काकूंना पायाकडच्या बाजूला सरकवलं आणि बेडवर भांडं ठेवलं.

गाडीमालकाला फोन लावला. उत्तर तयारच होतं. ‘‘छताला फांदी-बिंदी लागली असणार. पावसाचं पाणी शिरतंय. डिपॉझिटमधून कापावं लागेल, मॅडम. आणि गाडी पुढे नेऊ नका.’’

झालं! डिपॉझिट होतं पंधरा हजार आणि अक्कलकोट अजून सोलापूरच्या पलीकडे चाळीस किलोमीटर.

आता सोलापूरची गंमत बघा. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा हायवे इथूनच जातो. रात्रभर धावणाऱ्या एसी स्लीपर बसेसचा हा रस्ता. त्यामुळे छतावरचे एसी कोळून प्यायलेले मेकॅनिक इथे सापडतात. ड्रायव्हरदादांनी हैदराबाद रोडवरच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. पन्नाशीचे मिस्त्री आले, छताकडे न बघता आधी आमच्याकडेच बघून विचारलं, ‘‘ताई, कधी गळतंय? पाऊस पडताना का ब्रेक मारल्यावर?’’

‘‘ब्रेक मारल्यावर. पाऊस तर कधीच थांबला होता.’’

‘‘मग घाबरू नका ओ. छत फुटलं नसेल. एसीला घाम आलाय आणि तो जायला वाट नाही.’’

मग त्यांनी एसीचा सगळा फंडा समजावला. एसीतल्या थंड कॉइलवरून हवा गेली की तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली पडते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तसंच. म्हणजे एसीने पाणी काढणं हा बिघाड नाहीच. ते पाणी ट्रेमध्ये जमून छताच्या बाहेर वाहून गेलं पाहिजे, एवढंच. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात सोलापुरात एसी फारसा गळत नाही, कारण हवेतच पाणी नसतं. सप्टेंबर हा इथला भर पावसाचा महिना. हवा दमट, एसीला काम जास्त, पाणीही जास्त.

पण मालकाला हे पटवायचं कसं? मिस्त्रींनी पोराला हाक मारली, ‘‘का बे, तिकडं काय बघलालास? बादली-मग आण की!’’ आणि टेस्ट सुरू झाली. आधी एसी बंद, छत कोरडं पुसलं. मग पोरगं शिडीवर चढून मगाने पाणी ओतायला लागलं. उताराच्या बाजूने सुरुवात आणि हळूहळू वर. हे अशासाठी, की वरून ओतलं तर पाणी सगळीकडे पसरतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. पंधरा मिनिटं ओतलं. आत आम्ही टॉर्च लावून बसलेलो. एक थेंब नाही! मग छत पुन्हा पुसलं आणि जनरेटरवर एसी फुल सोडला. विसाव्या मिनिटाला टप... टप... टप. ड्रायव्हरदादांनी दोन्हींचा व्हिडिओ काढला.

आतलं कव्हर उघडल्यावर खरी चोरी पकडली. फिल्टरवर धूळ आणि चादरींच्या धाग्यांचा जाड थर. हवा नीट जात नसल्याने कॉइलवर बर्फ धरत होता आणि तो वितळला की ट्रेमध्ये एकदम लोंढा. त्यात ट्रेचं पाणी जायचं भोक बंद. कशाने? तर कुंभारमाशीच्या मातीच्या घराने! गाडी महिनोन्‌महिने उभी होती, माशीने निवांत संसार थाटला होता. मिस्त्रींनी मऊ तारेने माती काढली, ट्रे धुतला, फिल्टर साबणाच्या पाण्यात बुडवला. एसी आणि छत यांच्यामधलं फोमचं गॅस्केट हाताने चाचपलं, बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने थोडेसे आवळले. ‘‘जास्त आवळलं की गॅस्केट चेपून मरतं. मग खरंच पाऊस आत येतो,’’ ते म्हणाले.

फिल्टर वाळेपर्यंत तासभर होता. रिक्षा करून आम्ही काकूंना सिद्धेश्वर मंदिरात घेऊन गेलो. तळ्याच्या मधोमध मंदिर, चारी बाजूंनी पाणी, पलीकडे भुईकोट किल्ला. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी हे तळं खोदवून घेतलं, असं इथे सांगतात. पर्जन्यछायेच्या या शहराचं दैवतच तळ्यात राहतं, हे भारी वाटलं. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून पाइपने पाणी आणावं लागणारं हे गाव. नळाला रोज नाही, काही दिवसांआड पाणी, अशी कित्येक वर्षं इथल्या घरांनी काढली. आसपास मराठी, कन्नड, तेलुगू एकाच वाक्यात ऐकू येत होतं. काकू पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचं टेन्शन गेलं. येताना नवी पेठेतून शेंगाची चटणी आणि कडक भाकरीही आली.

गॅरेजमध्ये परत आलो तर एसी सुरू होता आणि पाणी छतावरून बाहेरच्या बाजूने छान धार धरून पडत होतं. खाली बादली. चांगली पाव भरलेली. पोरगं त्याच पाण्याने हातपाय धूत होतं. मिस्त्री म्हणाले, ‘‘प्यायला नाही चालत, पण सांडायचं कशाला?’’

मालकाला दोन्ही व्हिडिओ आणि कुंभारमाशीच्या घराचा फोटो पाठवला. बराच वेळ शांतता. मग मेसेज आला, ‘ओके. कंटिन्यू.’ सातशे रुपयांचं बिलही त्याने दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू झोपूनच अक्कलकोटला पोचल्या, कोरड्या उशीवर.

एसी गळतोय? आधी हे बघा

एसी चालू असतानाच गळतो की पावसातच, हे लिहून ठेवा. अर्धं निदान तिथेच होतं.

गाडी सपाट जागी लावा. तिरकी गाडी म्हणजे तिरका ट्रे.

गाडी ताब्यात घेतानाच फिल्टर काढून बघा आणि एसी अर्धा तास चालवा. पाणी बाहेर पडायला हवं, आत नाही.

कव्हर उघडण्याआधी वीज पूर्ण बंद. ओल्या छताखाली तारा असतात.

दिसेल तिथे सिलिकॉन फासू नका. पाण्याची वाट बंद केली तर ते दुसरी वाट शोधतं, आणि ती बहुधा तुमच्या उशीवर उघडते!