जे आधी घडेल ते

घर ते महाविद्यालय अंतर अवघे तीन किलोमीटर. वर्षाकाठी आमची गाडी ३,००० किलोमीटरही धावत नाही. त्यामुळे ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी घडेल ते’ हा सर्व्हिसचा नियम आम्हांस कर्मकांड वाटे. युरोपातील काही गाड्या वापर पाहून ही मुदत स्वतःच ठरवतात, दोन वर्षांपर्यंतही लांबवतात. तीच सवलत आम्ही परस्पर घेतली. मेकॅनिकने डिपस्टिकवरचे ऑइल दाखवले. आखूड फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. पेट्रोलचा, पाण्याचा अंश ऑइलात साचत जातो. म्हणजे त्या युरोपीय गाडीने आम्हांला उलट लवकरच बोलावले असते! आमची काटकसर इंजिनाच्या जिवावर उठली होती. आता वर्ष भरले की आम्ही मुकाट्याने गॅरेज गाठतो. कमी चालणे म्हणजे कमी झिजणे नव्हे, हे चाळिशी ओलांडलेल्या आम्हांला गाडीकडून शिकावे लागले.