कव्हर लेटर : विनंती अर्ज नव्हे!



माझा मावसभाऊ इथेच एम.एस. करतोय. परवा त्याचा फोन. "दादा, तुझं कव्हर लेटर पाठव ना. नाव-गाव बदलून टाकून देतो."

नाही पाठवलं. कारण हाच उद्योग मी स्वतः करून बसलोय.

२०२३ च्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. एच-१बी वाल्यांना पुढचं सांगायला नको. हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवीन कंपनीने पिटिशन फाइल केलं तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायची तयारी. मुलगी पहिलीत, बायको माझ्याच व्हिसावर डिपेंडंट.

पहिल्या तीन आठवड्यांत मी ४० ठिकाणी एकच पत्र पाठवलं. फक्त कंपनीचं नाव बदलायचं. एकदा तर तेही बदलायचं राहिलं :-( एकही फोन नाही.

शेवटी लाज सोडून माझ्या जुन्या मॅनेजर बाईंना पत्र दाखवलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ह्यात सगळीकडे 'आम्ही' आहे, तर तू नक्की काय केलंस? आणि एवढ्या विनवण्या कशासाठी?

तेव्हा लक्षात आलं की मी शाळेतला 'विनंती अर्ज' इंग्रजीत लिहीत होतो! महोदय, सविनय सादर, संधी द्यावी ही नम्र विनंती, आपला विश्वासू. त्यात घरचे संस्कार – स्वतःची टिमकी वाजवू नये. आपल्याला 'मी केलं' म्हणायलाच जड जातं हो.

मग जाहिरात नीट वाचून प्रत्येक ठिकाणी वेगळं पत्र लिहायला लागलो. एका पानाच्या आत, तीन परिच्छेद. पहिल्यात कुठली जागा आणि तीच का. दुसऱ्यात त्यांच्या अडचणीशी जुळणारं माझं एकच काम, आकड्यांसकट. 'डेटाबेसचा दांडगा अनुभव' असं मोघम नाही, तर 'रात्रीचा बॅच जॉब ६ तास चालायचा, मी क्वेरी आणि इंडेक्स बदलून ५० मिनिटांवर आणला'. तिसऱ्यात आभार, आणि कधी बोलता येईल ते. रेझ्युमेची उजळणी नाही. जन्मतारीख, लग्न, फोटो यांचं तर इथे कामच नाही.

व्हिसाचं रडगाणं पत्रातून काढून टाकलं. स्पॉन्सरशिप लागेल का, हे बहुतेक कंपन्या फॉर्ममध्ये विचारतातच. तिथे खरं ते लिहायचं. उरलेले दिवस मी रिक्रूटरला पहिल्याच फोनवर सांगत होतो. लपवून काही फायदा नसतो.

अशी ११ पत्रं गेली, तीन फोन आले. एका इंटरव्ह्यूत तर समोरच्याने त्या बॅच जॉबवरच अर्धा तास घेतला. ५३ व्या दिवशी पिटिशन फाइल झालं. सगळं श्रेय पत्राला देणार नाही, नशीबही होतंच. पण त्या ४० पत्रांत गेलेले तीन आठवडे आठवले की अजून पोटात गोळा येतो.

भावाला म्हटलं, तुझ्या प्रोजेक्टवर तूच लिही, मी तपासतो. रात्री मेल आली. पहिलंच वाक्य – 'आय हम्बली रिक्वेस्ट...' :-)

लाल रेघ मारून परत पाठवलंय.

चूभूद्याघ्या.